एकटीचा कोरस

मित्रांनो, माझ्या अंगावर हा करडा पायमोजा पाहून हसू नका. धूळ बसू नये म्हणून रेकॉर्डिस्टने तो मला चढवला आहे. आत मी आहे, एक जुना माईक. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, गाणी रेकॉर्ड करण्याच्या एका छोट्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर मी राहतो.

माझ्या पोटात एक पडदा आहे. कांद्याच्या सालीहूनही पातळ. कारखान्यातल्या एका बाईने तो चिमट्याने उचलून माझ्यात बसवला. बसवताना तिने श्वास रोखून धरला होता, कारण साधी फुंकर लागली तरी तो फाटला असता. माझे आयुष्य असे एका बाईने रोखलेल्या श्वासाने सुरू झाले.

माझे काम सोपे आहे. समोर आवाज झाला की पडदा थरथरतो आणि ती थरथर वायरीतून पुढे जाते. मला आनंद होत नाही आणि दुःखही होत नाही. लोक माझ्यासमोर उभे राहून विरहाची गाणी गायले आणि लगेच चहा मागवून हसले. मी दोन्ही सारख्याच इमानाने पोचवले.

बावीस वर्षे माझ्यासमोर चार बायका उभ्या राहत. त्या कोरसच्या बायका. मुख्य गायिका गाण्याची मूळ चाल गायची, या चौघी मागून वेगळ्या सुरांत साथ द्यायच्या. थोरल्या बाई सगळ्यांत वयस्क, तोंड पूर्ण उघडून गाणाऱ्या. दुसरी मास्तरीण, शाळेत शिकवायची आणि सुट्टी काढून यायची. उरलेल्या दोघी सख्ख्या जावा. मोठीला सगळे जाऊबाई म्हणत आणि लहानीला धाकटी. धाकटी पन्नाशी ओलांडून गेली तरी धाकटीच राहिली. दोघी एकाच घरातून, एकाच छत्रीतून यायच्या आणि जिन्यात भाजीवरून भांडत वर चढायच्या. माझ्यासमोर आल्या की गप्प.

जाऊबाईंची एक खोड होती. त्या नेहमी केसभर मागे राहायच्या. शब्द सगळ्यांबरोबर सुरू व्हायचा, पण त्यांचा सूर पाऊल उचलू की नको अशा बेताने यायचा. संगीतकार वैतागायचे. मग गाणे तयार झाले की तेच म्हणायचे, "कोरस कसा भरल्यासारखा वाटतोय!"

पुढे मास्तरीण लेकीकडे दूरच्या गावी राहायला गेली. थोरल्या बाईंचे गुडघे गेले, तीन मजले चढणे संपले. आणि गेल्या थंडीत जाऊबाई वारल्या. सकाळी पोळ्या लाटता लाटता खाली बसल्या, त्या बसल्याच. धाकटी शेजारीच भाजी चिरत होती.

स्टुडिओही आकसला. मोठी खोली गेली, रेकॉर्डिस्टची ही छोटी खोली आणि कपाटाएवढी एक केबिन उरली. तिच्यात एकच माणूस मावते.

अशा वेळी एका बाहुल्यांच्या नाटकाचे काम आले. संगीतकार म्हणाले, "टेकडीवर पन्नास बायका उभ्या राहून गातायत असं वाटलं पाहिजे."

रेकॉर्डिस्ट म्हणाला, "केबिनमध्ये एकच उभी राहू शकते."

"मग एकीच्या पन्नास करा. कॉम्प्युटर कशाला घेतलाय?"

रेकॉर्डिस्टने धाकटीला बोलावले. जाऊबाईंना जाऊन दोन महिने झाले होते. ती आली, चप्पल दाराशी काढली, पदर खोचला. आवाज लावून पाहताना तो माझ्यापर्यंत अगदी कोरडा आला. सूर चोख होता. पण भिंतीला हात लावल्यावर जसे काही कळत नाही, तसा होता.

"ताई, बरं आहे ना?" रेकॉर्डिस्टने विचारले.

"आहे की," ती म्हणाली. "काय म्हणायचंय ते सांगा."

तेवढ्यात थोरल्या बाईंचा फोन आला. धाकटीच्या हातात गाण्याचा कागद होता, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"सगळ्यांचं तू एकटीच म्हणणार म्हणे?"

"हो, बाई."

"आणि आम्ही काय मेलो?"

बोलून गेल्यावर थोरल्या बाईंच्या लक्षात आले असावे. त्यांचा आवाज खाली उतरला.

"जिना चढता आला असता तर मी आले असते गं."

"माहीत आहे मला."

"दुसरी कुणी म्हणण्यापेक्षा तू म्हण. आणि माझं म्हणताना तोंड उघड. ओठ मिटून गातेस तू. बावीस वर्षं सांगतेय."

"बरं," धाकटी म्हणाली आणि फोन पर्समध्ये ठेवला.

आता एका बाईचा कोरस कसा करतात ते ऐका. रेकॉर्डिस्टने आधी सोपी वाट धरली. धाकटीची एक ओळ घेतली आणि कॉम्प्युटरवर तिच्या चार नकला केल्या. आवाज मोठा झाला, पण बायका वाढल्या नाहीत. मग त्याने नकला थोड्या थोड्या मागेपुढे सरकवल्या. तेव्हा असे वाटले की ती पिंपात तोंड घालून गात आहे.

"नाही जमत," तो म्हणाला. "माणूस दोनदा सारखं गात नाही, म्हणूनच दोन माणसं वाटतात. ताई, पुन्हा पुन्हा म्हणावं लागेल."

"म्हणते."

सूर चार होते, चौघींचा एकेक. प्रत्येक सूर चार वेळा घ्यायचा होता. पहिल्यांदा ती माझ्याजवळ उभी राहिली. दुसऱ्यांदा एक पाऊल मागे. तिसऱ्यांदा दाराला पाठ टेकून, आणि चौथ्यांदा चक्क भिंतीकडे तोंड करून, म्हणजे ती मागच्या रांगेतली बाई वाटावी. 'स' आणि 'श' तिने एकदाच स्पष्ट म्हटले, बाकीच्या वेळी गिळले. नाहीतर सोळा 'स' पुढेमागे येऊन साप सोडल्यासारखी फुसफुस झाली असती. रेकॉर्डिस्ट कुणाला डाव्या कानाकडे बसवत होता, कुणाला उजव्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक सुराची एक पट्टी दिसत होती, तिला त्याने नाव दिले. थोरल्या बाई. मास्तरीण. धाकटी. चौथ्या पट्टीपाशी तो थांबला आणि त्याने नुसता चारचा आकडा टाकला.

थोरल्या बाईंचा सूर धाकटीने तोंड उघडून म्हटला. मास्तरणीचा म्हणताना ती आपोआप ताठ उभी राहिली आणि शब्द तोडून तोडून म्हणाली. मग स्वतःचा म्हटला. दुपार कलली. ती पाणी प्यायली नाही, बसलीही नाही. रेकॉर्डिस्टने दोनदा खुर्ची पुढे केली, तिने दोनदा मान हलवली.

चौथा सूर आला. तिने एकदा म्हटला.

"छान," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "हा मी केसभर मागे सरकवतो. म्हणजे वेगळ्या बाईचा वाटेल."

"सरकवू नका."

"अहो, एका बटणाचं काम आहे."

"सरकवू नका, दादा. मीच मागे म्हणते."

आणि ती मागे म्हणाली. पाऊल उचलू की नको अशा बेताने. मित्रांनो, मी ती थरथर ओळखली. बावीस वर्षे ती माझ्या पडद्यावर येत होती, आणि दोन महिने आली नव्हती. धाकटीचे डोळे कोरडेच होते. चेहरा भांडी लावून ठेवणाऱ्या बाईसारखा. हाताने फक्त पदराचे टोक धरून ठेवले होते.

"ऐकवू?" रेकॉर्डिस्टने विचारले.

"नको. घरी कुकर लावायचाय," ती म्हणाली आणि चप्पल घालून गेली.

ती गेल्यावर त्याने चारचा आकडा पुसला आणि तिथे 'जाऊबाई' असे लिहिले. संगीतकारांना ते गाणे पसंत पडले. "कुठल्या बायका आणल्या होत्या?" असे त्यांनी विचारले. रेकॉर्डिस्टने खरे ते सांगितले. त्यांना ते खरे वाटले नाही.

त्यानंतर माझे काम हळूहळू बंद झाले. आता कॉम्प्युटरमध्ये आयते कोरस मिळतात. त्यांना केबिन लागत नाही आणि माईकही लागत नाही. मला वाईट वाटले का? मला वाटत नाही असे मी आधीच सांगितले. फळीवर दिवस येतो, जातो.

मात्र एका दुपारी धाकटी पुन्हा आली. बरोबर जाऊबाईंची मुलगी होती, नोकरीच्या गावाहून चार दिवसांसाठी आलेली.

"दादा, ते चौथं नुसतं वाजवता येईल? हिला ऐकवायचंय."

"ते तुमच्याच आवाजात आहे, ताई."

"हो. तरी वाजवा."

त्याने बाकीच्या पट्ट्या बंद केल्या. एकटा साथीचा सूर खोलीत आला. मित्रांनो, साथीचा सूर एकटा ऐकला तर काहीच हाती लागत नाही. मूळ चालीचा त्यात पत्ता नसतो. कुठेतरी मधेच चढतो, मधेच थांबतो, वाट चुकल्यासारखा.

मुलगी ऐकत राहिली. मग तिने धाकटीचा हात धरला.

"काकू, आई भांडी घासताना हेच म्हणायची. असंच काहीतरी."

"हो. गाणं आलं की आठवडाभर आधी आपला सूर घरी बसवायच्या."

"आम्ही हसायचो गं तिला. बाबा म्हणायचे, स्टुडिओत हिला घेतात तरी कशाला, साधी चाल धरता येत नाही." ती थांबली. "तिनं कधी सांगितलं का नाही?"

"मी म्हणायचे सांगा म्हणून. त्या म्हणायच्या, हसू देत, घर हसतंय ना."

रेकॉर्डिस्टने ती पट्टी पुन्हा लावली, न सांगता. या वेळी ती सुरू झाली तेव्हा धाकटीने तोंड उघडले आणि मूळ चाल गायली. बावीस वर्षांत ती माझ्यासमोर कधी मुख्य गायिकेची ओळ गायली नव्हती. पहिल्या शब्दाला आवाज चिरकला. दुसऱ्या ओळीला ओला झाला. साथीचा सूर केसभर मागून येत होता आणि आता तो वाट चुकलेला मुळीच वाटत नव्हता. मुलगी जमिनीवर बसली आणि रडली. धाकटी उभी राहून शेवटपर्यंत गायली.

माझी वायर काढलेली होती. पडदा थरथरला, पण ते गाणे कुठेही पोचले नाही. ते माझ्यापाशीच राहिले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू दमट जागी ठेवू नका, आमच्यावर फुंकर मारू नका, एवढे तर मी मागेनच. पण आणखी एक मागतो. तुमच्या घरात कुणी काम करताना गुणगुणत असेल आणि ते तुम्हाला बेसूर वाटत असेल, तर लगेच हसू नका. हातातले काम ठेवा, जवळ जा आणि विचारा, "हे कुठल्या गाण्यातलं?" मग ते गाणे तुम्ही म्हणा, आणि त्यांना त्यांचे म्हणू द्या.