प्लॅटिनम पॅकेजातल्या सात सुया

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावी बसस्टँडसमोर नागसेन हिवाळे यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मिरचीवर पानं मुरडणारा कोकडा पडला की शेतकरी आधी कपाळावर हात मारतो आणि मग नागसेनभाऊंच्या दुकानाची पायरी चढतो. भाऊ कधी एकच बाटली देत नाहीत. कीटकनाशक दिलं की सोबत बुरशीनाशक, त्यावर टॉनिक, आणि हे सगळं पानाला धरून राहावं म्हणून स्टिकर. कुणी स्वस्तातलं मागितलं तर भाऊंचा चेहरा असा पडतो की मागणाऱ्यालाच लाज वाटावी. "घेऊन जाय बाप्पा. पण सस्त्या बाटलीत पाणीच असते. मंग मले बोलजो नको."

या विक्रीवर खूश होऊन एका औषध कंपनीने यंदा त्यांना सपत्नीक केनियाची सहल दिली. सगळा खर्च कंपनीचा, फक्त लसी ज्याच्या त्याने घ्यायच्या. सहलीच्या संदेशात सगळं लिहिलेलं होतं. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, ती ठरावीक केंद्रांतच मिळते, विदर्भातल्यांनी नागपूरला जावं. भाऊंच्या पत्नीने, सुवर्णाने, तो संदेश दोनदा वाचला. भाऊंनी त्यातला सिंहाचा फोटो पाहिला आणि मोबाइल खिशात टाकला.

शेजारच्या टेलरिंगच्या दुकानातले खुर्शीदभाई दोन वर्षांपूर्वी हजला जाऊन आले होते. ते म्हणाले, "नागसेनभाऊ, आमाले जायच्या आधी सरकारी दवाखान्यात सुई देल्ली होती. एक पैसा नाई लागला."

"अरब देश जवळ हाये, भाई," भाऊ म्हणाले. "आफ्रिकेले फुकटच्या सुईनं भागते का?"

मग ते सुवर्णाला घेऊन बुलढाण्याला गेले. तिथे परदेशी जाणाऱ्यांसाठी एका डॉक्टरांनी नवा दवाखाना थाटला होता. आत एसी, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि नकाशावर आफ्रिका सगळी लाल. डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते. त्यांनी केनियाचं नाव ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"काका, टायफॉइडची तर घ्यावीच लागेल. पण नुसती टायफॉइडची घेऊन कावीळ झाली तर? म्हणून काविळीची. आणि कावीळ दोन प्रकारची असते."

भाऊ ऐकत राहिले. एक दिलं की त्याला जोडून दुसरं. गिऱ्हाइकाला आधी भीती, मग धीर, मग बिल. हा सूर त्यांच्या फार ओळखीचा होता. दुसऱ्या कुणाला संशय आला असता. भाऊंना मात्र परक्या गावात आपल्या भावकीतला माणूस भेटावा तसं झालं. पोरगा तयारीचा आहे, त्यांनी मनोमन दाद दिली.

"आणि ही जपानी मेंदूज्वराची," डॉक्टर म्हणाले.

"जपानी?" सुवर्णाने विचारलं. "आमी तं केनियाले चाललो."

"मॅडम, डास काय पासपोर्ट दाखवून उडतो?"

भाऊ खो खो हसले. असलं वाक्य आपल्याला का सुचलं नाही, याचं त्यांना जरा वाईटही वाटलं.

"सफारी आहे म्हणजे प्राणी आले. रेबीजची घेऊन टाका. सिंह-बिंह चावला तर?"

"सिंह चावल्यावर माणूस उरन काय रेबीज व्हाले?" सुवर्णा म्हणाली.

भाऊंनी तिला कोपराने ढोसलं. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. सिल्व्हरमध्ये तीन लसी, गोल्डमध्ये पाच, प्लॅटिनममध्ये सात. प्लॅटिनमचे माणशी साडेअठरा हजार.

"अन् ते पिवळ्या तापाची?" सुवर्णाने विचारलं.

"ती आमच्याकडे नसते. सरकारी आहे, तीनशेच्या आसपास. ती आपली फॉर्मॅलिटी, सवडीनं करा."

तीनशे हा आकडा ऐकताच भाऊंच्या लेखी त्या लशीचा निकाल लागला. तीनशे रुपयांच्या औषधात मिरचीचं एक एकर निघत नाही, तिथे माणूस काय निघणार? त्यांनी प्लॅटिनम घेतलं. सुवर्णा मात्र उठून उभी राहिली. "माह्यासाठी नको. मी टायफॉइडची आपल्या गावच्या डॉक्टरले इचारून घेईन."

परतीच्या बसमध्ये भाऊंचे दोन्ही दंड ठणकत होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. सुवर्णा म्हणाली, "या आठवड्यात नागपूरले जाऊन येऊ. महामायाकडं उतरू." महामाया तिची बहीण.

"काऊन एवढी घाई करून राह्यली? सात घेतल्या म्या. आठवी काय उपटणार हाये?"

सुवर्णाने एकटीनेच केंद्राची वेळ ठरवून घेतली, शेगावहून गाडी धरली, बहिणीकडे मुक्काम केला आणि सुई टोचून लशीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक घेऊन आली. भाऊंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "पोलिओच्या कार्डासारखं दिसते," म्हणाले, आणि परत दिलं. दुकानात मात्र रोज शर्टाची बाही वर करून प्लॅटिनमच्या जागा दाखवणं चालू होतं. बियाणं न्यायला आलेल्या सोजराबाईंनी तर हळहळून विचारलं, "एवढं काय झालं बाप्पा तुमाले?"

मग एका दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. "सर, तुमचं यलो फीव्हरचं सर्टिफिकेट पाठवा. मॅडमचं आलंय."

भाऊंनी प्लॅटिनमची पावती पाठवली.

फोन पुन्हा वाजला. "सर, ही सगळी लिस्ट आहे. यात यलो फीव्हर कुठं आहे?"

"अहो, त्याच्यापेक्षा भारी हायेत सगळ्या! किंमत तं पाहा!"

"सर, विमानतळावर किंमत पाहत नाहीत."

भाऊंनी त्याच रात्री नागपूरची गाडी पकडली. केंद्रावर कळलं की लस ठरलेल्या वारीच टोचतात, आजची नावं भरली, पुढची वेळ चार दिवसांनी. दहा दिवसांचं गणित तिथेच फसलं. त्यांनी टेबलावरच्या बाईंना हळूच सांगितलं, "जास्तीचे लागले तरी चालतीन." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "इथं एकच भाव आहे. पुढचे या."

घरी येऊन ते पलंगावर बसून राहिले. त्यांना वाटलं, आता सुवर्णा म्हणेल, तुमच्याबिगर मीही जात नाही. मग आपण म्हणायचं, नाही नाही, तू जाय. हे वाक्य त्यांनी मनात घोळवूनही ठेवलं होतं. सुवर्णा मात्र स्वेटर घडी करत होती. तिथं पहाटे थंडी असते म्हणे.

"तू एकटीच जाशीन?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"एकटी कशी? मेहकरच्या दुकानदाराची बायको हाये ना संगं. तुमी आराम करा. सात सुया अंगात हायेत, त्याहीले जिरू द्या."

ती गेली. धाडला ज्याने त्याने विचारलं, नागसेनभाऊ, तुम्ही का नाही गेले? भाऊ म्हणत, "सीझन हाये." उन्हाळा होता, शेतं उघडी पडली होती, पण कुणी पुढे विचारलं नाही. फक्त खुर्शीदभाईंनी मशीन थांबवून एकदा दुकानाकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा पायडल मारायला लागले.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. जीपमध्ये सुवर्णा, डोळ्यांना गॉगल, मागे पिवळं गवत. "पाहा, पाहा, सिंहीण! तिचे दोन पिल्लं!" पडदा हलत होता. भाऊंना सिंहीण दिसली नाही, बायको दिसली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, इतक्या मोठ्याने ती कधी हसली होती ते त्यांना आठवेना. "हाव, दिसली," ते म्हणाले.

कॉल संपतो न संपतो तोच बुलढाण्याहून फोन आला. प्लॅटिनममधला रेबीजचा एक डोस बाकी आहे, वेळेत घ्या, नाहीतर आधीचे वाया जातील. भाऊंनी फोनवाल्या मुलीला दोन शिव्या हासडायचं ठरवलं. पण पैसे भरलेले होते. दुसऱ्या दिवशी ते जीपमध्ये दाटीवाटीने बसून बुलढाण्याला गेले आणि बाही वर करून एसीत बसले.

"काय काका, मग कधी निघताय?" डॉक्टरांनी कापूस लावत विचारलं.

"घरवाली पोचली तिथं," भाऊ म्हणाले. "तुमी टोचा."