मालिनीताईंचा कंपायलर

पोळ्या गार होत होत्या आणि मालिनी ओट्याशी उभी राहून फोनवर काहीतरी टाइप करत होती. शेजारच्या खोलीत इराच्या लॅपटॉपवर निरोप उमटला: ‘इराजी, प्रस्तावावर आपला अभिप्राय मिळाल्यास आभारी राहीन.’ पाठोपाठ हाक आली, “इराजी, जेवायला या. वांग्याची भाजी अभिप्रायासाठी थांबत नाही.”

“आई, गटावर मला असलं काही लिहू नकोस.”

“ओळख दाखवायची नाही ना? मग परक्या बाईला ‘जी’ म्हणायला नको?”

तो गट होता ‘तिफण’चा. तिफण ही प्रोग्रॅम लिहायची भाषा, नाशिकच्या काही मित्रांनी सुरू केलेली आणि सगळ्यांना खुली. कुणीही तिच्यात भर घालावी, फक्त मुख्य चमूतल्या दोघांची संमती हवी. इरा त्या चमूत होती. मालिनीचं आयुष्य सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर तिने तिफणसाठी कंपायलर लिहायला घेतला. तिफण आजवर दुभाष्यासारखी चाले. एक ओळ वाचायची, यंत्राला समजावून सांगायची. तीच ओळ लाख वेळा आली तर लाख वेळा सांगायची. मालिनीचा कंपायलर प्रोग्रॅम चालू असतानाच लक्ष ठेवी आणि पुन्हा पुन्हा येणारा भाग कायमचा यंत्राच्या भाषेत उतरवून टाकी. तो आत घेतला गेला असता, तर दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतल्या हवामानाच्या छोट्या यंत्रांवरसुद्धा तिफण पळाली असती.

इराची अट एकच होती. आपलं नातं तिथे कुणाला कळता कामा नये, नाहीतर मुलीने आईचं काम घुसवलं म्हणतील. मालिनी हसून कबूल झाली आणि माहेरच्या आडनावाने, गायधनी म्हणून लिहू लागली. इराने तो कोड कधी उघडलाही नाही. तत्त्व म्हणून, असं ती स्वतःला सांगे.

त्या दुपारी जेवताना मालिनी म्हणाली, संमती राहू दे, नुसतं एकदा वाच. इरा ‘बघू’ म्हणाली. मग दोघींनी ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालिनी गोदापार्कात फिरायला गेली आणि तिथल्या बाकावर बसल्या बसल्याच गेली.

दिवसकार्य आटोपलं, आलेले नातेवाईक परतले आणि इराने लॅपटॉप उघडला. मुख्य चमूतून तिफणचं काम पाहणाऱ्या शेखरने गटावर लिहिलं होतं की मालिनीताईंकडून बरेच दिवस उत्तर नाही. आपण स्वतः कोड वाचला आहे, तो पसंतही आहे. पण बिघडल्यावर जबाबदारी घेणारं कुणी नसेल तर एवढा मोठा कोड आत कसा घ्यायचा? येत्या बैठकीत प्रस्ताव बंद करू. इराने उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी तिने आईचा कोड उघडला.

चमूतल्या आल्हादचा त्यावर जुना आक्षेप होता की हा कंपायलर भित्रा आहे. जरा शंका आली की वेगाची वाट सोडून जुन्या संथ वाटेला लागतो. इराने वाचलं तर ते खरंच होतं. पण वाचता वाचता तिला त्यामागचं कारखान्यातलं वळण दिसलं. यंत्र अडलं तर हात कापला जाता कामा नये, आधी सुरक्षित थांबलं पाहिजे. तिने कंपायलरचा एक भाग काढून टाकला. तिफण चालत राहिली, थोडी हळू. दुसरा काढला, तरी चालली. सगळा काढला, तरी अडली नाही.

एक चूक मात्र निघाली. छोट्या यंत्रांवर उणे आकड्यांचा भागाकार चुकत होता. इरा त्यावर आठवडाभर झगडली, दोनदा भलतीकडेच दुरुस्ती करून बसली. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा आतली वाट तिच्या पायाखालची झाली होती.

शनिवारी सकाळी पडद्यावर बैठक भरली. शेखर प्रस्ताव बंद करण्याचं बोलू लागला तसं इराने माइक चालू केला. तिने भाग एकेक करून काढून दाखवले, आपली दुरुस्ती दाखवली. कुठलाही भाग बिघडला तर तेवढाच बंद ठेवता येईल, बाकी काही अडणार नाही. आणि हे सगळं मी सांभाळेन, असं म्हणाली.

आल्हादने आपल्या यंत्रावर एक भाग काढून पाहिला. “भित्रा नाही, शहाणा आहे म्हणायचा. माझी संमती घ्या. पण इरा, तू तर याकडे कधी फिरकत नव्हतीस. मालिनीताईंनी काय जादू केली?”

शेखर हसला. “चला, एक आली. दुसरी इराची धरू आणि आजच आत घेऊ.”

एवढं ‘हो’ म्हटलं की काम झालं असतं. इरा घोटभर पाणी प्यायली.

“माझी धरता येणार नाही, शेखर. तू वाचलंयस, दुसरी तू दे,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. “मालिनी गायधनी माझी आई. ती मागच्या महिन्यात गेली. मीच तिला हे लपवायला लावलं होतं. आणि तिने हे फार सुंदर लिहिलंय. तिला हे मी कधी म्हटलं नाही.”