फुलाक्काची लादिन

"आक्का, एवढं चणं? खाणार कोण, गवं?" जंगलखात्याचा वॉचर कान्हू टोपात डोकावला.

"गवं आलं तर त्यास्नीबी दीन. आधी प्रार्थनेला उभं ऱ्हायाला पायजे."

फुला फर्नांडिस हसली, म्हणजे अख्खी वाडी हसली. कुंभारवाड्याकडच्या त्या रानात हसायला दुसरं उरलं होतं कोण? पंधरा घरं वाघांना जागा करून देऊन रामनगरला गेली, मुलगा-सूनही त्यांच्याबरोबर. नवरा त्याआधीच मातीआड.

मे महिन्यात वाडीच्या क्रुसापुढे लादिन व्हायची. एकानं संतांची नावं घ्यायची, बाकीच्यांनी 'आमच्यासाठी विनंती कर' असं गात उत्तर द्यायचं, मग उकडलेले चणे. यंदा फादरांनी सगळ्यांची लादिन रामनगरला ठेवली होती आणि हिच्यासाठी जीप धाडली होती. हिनं ड्रायव्हरला चहा पाजला आणि जीप रिकामी परत पाठवली.

"सण कसला करतीस?" कान्हू म्हणाला. आवाजातली चेष्टा मध्येच विरली. "देवानं तुझं ठेवलंय काय?"

"मला ठेवलंय की!" फुलानं क्रुसाला अबोलीची माळ घातली. "त्याचा माझ्यावर जीव हाय. वाडी गेली म्हणून त्यो काय ट्रकात सामान भरून गेला न्हाई. मग मी तोंड पाडून का बसू? सण हितंच हुणार."

"आनि उत्तर कोण देणार?"

हाच प्रश्न तिला सकाळपासून छळत होता. नावं नवरा घ्यायचा. ती चाळीस वर्षं उत्तर देणाऱ्यांतली.

"तू दे."

"मी? मी हिंदू मानूस, आक्का!"

"आनि चड्डीत हुतास तवापासनं हितलं चणं कंच्या धर्मानं खातोस?"

कान्हूनं मान फिरवली.

फुलानं पहिलं नाव घेतलं. पंधरा घरांना उत्तर द्यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढी थांबली. रान गप्प. दुसरं नाव. पुन्हा थांबली. आवाज तसूभर उतरला नाही.

तिसऱ्या नावाला कान्हूनं टोपी काढली आणि डुकरं हाकलावीत तसं ओरडून उत्तर दिलं. चाल मात्र बिनचूक! फुलाला भर प्रार्थनेत हसू फुटलं, आणि तिनं ते आवरलं नाही.

संतांची यादी संपली. फुला थांबली नाही. मोकळ्या जोत्यांकडे वळून त्याच चालीवर तिनं गेलेल्या घरांची नावं धरली, एकामागून एक. कान्हूला एकच उत्तर येत होतं. तो तेच देत राहिला.

शेवटी स्वतःचं घर. ते नाव तिनं सगळ्यांत चढ्या आवाजात घेतलं आणि ताठ मानेनं उत्तराची वाट पाहत उभी राहिली.