गोजरबाईंचं कार्ड

बिडकीनच्या मंगल कार्यालयात भरदुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर कार्डमहाराज, समोर संगणक, मागं मोठा पडदा. भक्तानं मोबाइलमधलं नखाएवढं मेमरी कार्ड द्यायचं, महाराजांनी त्याला अंगारा लावून संगणकात घालायचं आणि मंत्र पुटपुटायचा. पुसून गेलेले फोटो पडद्यावर हजर! गेलेली माणसं हसताना पाहून लोक ढसाढसा रडत होते.

माझ्याशेजारी गोजरबाई होत्या. त्यांची लेक अपेक्षा वर्षापूर्वी तापानं गेली. तिचा आवाज असलेला एकच व्हिडिओ कार्डात होता. संगणकानं 'फॉरमॅट करू का?' विचारलं आणि गोंधळून बाईंनी 'हो' दाबलं. कार्ड रिकामं.

"दर अवसेला येक फोटू काढून देतेत," त्या म्हणाल्या. "मंग आपली आरती भरतेत कार्डात, लेकराच्या शांतीसाठी. आज आवाज देनार हायेत, मॅडम. येकदा 'माय' म्हनलेलं ऐकू द्या, बास."

आरती भरतात हे ऐकून मी उठलेच. मी गावात संगणकाचा क्लास चालवते. तडक पुढं जाऊन मी माझं कार्ड दिलं. "भाऊ गेला, महाराज."

मंत्र झाला. पडद्यावर माझी स्कूटी उगवली.

"भाऊ वाहनावर बसून मोक्षाला निघालाय!" महाराज गरजले.

"मला भाऊच नाही. गाडीचा फोटो सकाळी मीच काढला, मीच पुसला."

महाराजांना एकाएकी समाधी लागली. मी माइक घेतला. "पुसलं की फक्त फोटोंची यादी जाते, फोटो कार्डातच राहतो. साधा प्रोग्राम तो शोधून देतो. पण वर दुसरं काही भरलं, की खालचं कायमचं जातं."

गोजरबाईंचं कार्ड मागून घेऊन मी अंगाऱ्याशिवाय संगणकात घातलं. नऊ फोटो आले. शेवटच्या तीनमध्ये अपेक्षाचं कपाळ, डोळे आणि खाली नुसता करडा पट्टा. व्हिडिओ उघडलाच नाही.

"त्या जागेवर आरत्या बसल्यात, मावशी."

"म्हंजी आवाज नाय येनार?"

"नाही." मला खोटं बोलवेना.

त्या मंचावर चढून आल्या. मग माझ्या हातातला माइक घेतला.

"लेक तापानं गेली. तिचा आवाज मातर म्याच घालवला, दर अवसेला हितं येऊन. तुमचं काय पुसलं असंल तर त्यात कायबी भरू नका. कार्ड काढा, जानत्या मानसाला इचारा. हात जोडते."

महाराजांसमोरच्या ताटात पन्नासेक कार्डं होती. लोक एकेक करून आपापलं उचलू लागले.