पाचव्या सेटचे देणे

माझी आई व्हॉलीबॉलच्या जाळ्या विणत असे. मी त्या जाळीवरून चेंडू मारला. माझी लेक आज त्याच जाळीच्या टोकाशी उंच खुर्चीवर बसून शिट्टी वाजवते. आणि या तिघींच्या मागून जन्मलेली माझी नात मात्र जाळीला बोटही न लावता जाळीचे चित्र विकते. हा घराण्याचा उत्कर्ष म्हणावा की आणखी काही, हे मी बरीच वर्षे ठरवले नव्हते. एका संध्याकाळी ते ठरले.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी बसून दूधही प्यायली नाही. एका स्ट्रीमिंग कंपनीत ती मोठ्या हुद्द्यावर आहे. सामन्यांचे हक्क विकत घ्यायचे आणि ते सामने लोकांच्या फोनवर थेट पोचवायचे, हा त्या कंपनीचा उद्योग.

"आजी, खेळ कुणीही खेळो, दाखवायचा हक्क एकाचाच," तिने मला एकदा समजावले. "बाकी कुणी साधा फोटोही काढायचा नाही."

"म्हणजे विहीर गावाची आणि पोहरा एकाचा."

"त्या पोहऱ्यासाठी लोक केवढे पैसे मोजतात, कल्पना आहे तुला?"

"मला तहानेची कल्पना आहे," मी म्हणाले. "पूर्वी एकच खिडकी होती आणि सारे गाव तिच्यापुढे मांडी घालून बसायचे. आता प्रत्येकाच्या हातात खिडकी, आणि प्रत्येक खिडकीला निराळे कुलूप. याला तुम्ही प्रगती म्हणता."

मला हे बोलण्याचा अधिकार होता. ज्या काळी एकच वाहिनी होती, त्या काळी मी आमच्या क्लबची कर्णधार होते. अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याचे सगळे हक्क त्या वाहिनीकडे होते. म्हणून रेडिओवाल्यांना आणि छायाचित्रकारांना दारातूनच परत पाठवले होते. सामना दोन-दोन सेटवर आला. पाचवा सेट सुरू झाला आणि वाहिनीची वेळ संपली. पडद्यावर पुरुषांचे फुटबॉलचे मैदान आले. तिथे अजून खेळ नव्हता. खेळाडू बुटांच्या नाड्या बांधत होते. आमचा पाचवा सेट सोडून देशाने त्या नाड्या पाहिल्या.

माझी आई पाय मोडून घरी पडली होती. शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून आपल्या टीव्हीपुढे नेले होते. मी घरी पोचले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "जिंकलात की हरलात?" पदक माझ्या गळ्यात होते, तरी ते मी तिला दाखवले नाही. जाळीच्या सुताचा गुंडा उचलला आणि स्वयंपाकघरात तिला पाचवा सेट पहिल्या गुणापासून खेळून दाखवला. दोन बरण्या फुटल्या. आई रागावली नाही; फक्त म्हणाली, "छान. पण समोरची बाजू दिसली नाही."

गावाचे तेवढ्यावर भागले नाही. त्यांनी जेवढे पाहिले होते तेवढेच त्यांना आठवले. पुढे कित्येक वर्षे बाजारात, दवाखान्यात, बँकेत लोक मला ओळखत: "तुम्ही त्या चार सेटवाल्या ना?" विजेतीला असे विचारणाऱ्याला काय उत्तर द्यावे? मी उत्तर देत नसे. नजर देत असे.

त्या दिवशी कॅमेरे बंद करणारा अधिकारी तरुण होता. वरून फोन आला, त्याने उचलला, हुकूम ऐकला आणि खटका ओढला. बक्षीससमारंभानंतर तो माझ्यापुढे मान खाली घालून उभा राहिला. "कॅप्टन, तुमचा एक सेट मी देणं लागतो." मी म्हणाले, "लक्षात ठेवा." तो कधीच विसरला नाही, आणि मी त्याला विसरू दिले नाही. निवृत्त होऊन तो आमच्याच गल्लीत राहायला आला. दर रविवारी चहाला येतो. माझ्या घरात त्याला कर्जदार म्हणतात. माझी लेकसुद्धा "कर्जदारकाका" म्हणते. त्याचा एकच दुर्गुण: बोलायला लागला की थांबत नाही. त्याच्या काळात कॅमेरा उचलायला किती माणसे लागत, हे ऐकवून त्याने चांगल्या चांगल्या माणसांना दाराबाहेर पळवले आहे.

तर, भिंगरीने वरिष्ठांशी भांडून महिलांच्या स्पर्धेचे हक्क कंपनीला घ्यायला लावले. दुसरे कुणी घेतच नव्हते. अंतिम फेरीत आमचाच जुना क्लब आला. पंचाच्या खुर्चीवर माझी लेक. त्याच सभागृहात, त्याच मैदानावर, सात वाजल्यानंतर पुरुषांचा सामना होता. त्याचे हक्क कंपनीने सोन्याच्या भावाने घेतले होते. सात वाजले की इतर सगळी थेट चित्रे बंद करायची आणि पुरुषांच्या सामन्याआधीच्या जाणकारांच्या गप्पा दाखवायच्या, असा तिच्या साहेबांनी जाहिरातदारांना शब्द दिला होता.

"आणि पाचवा सेट झाला तर?" मी विचारले.

भिंगरी म्हणाली, "सातला मुख्य कचेरीतून सरांचा फोन येईल. त्यांनी सांगितलं की मला बंद करावंच लागेल, आजी. नाही केलं तर नोकरी जाईल, आणि महिलांची स्पर्धा पुन्हा कुणी हातात धरणार नाही."

"फोन आला तर," कर्जदार म्हणाला. बशीतला चहा तसाच होता. मी त्या माणसाला चहा विसरताना प्रथमच पाहिले.

सभागृहामागे कंपनीची गाडी उभी होती. बाहेरून मालमोटार, आतून पडद्यांची भिंत. भिंगरीने आम्हा दोघांना पाहुणे म्हणून पास मिळवले होते. दारावर रखवालदाराने सगळ्यांचे मोबाइल पेटीत ठेवून घेतले. हाही हक्कांचाच नियम: आतले चित्र कुणी चोरू नये. पास नसलेल्याला प्रवेश नाही, तोही नियम साहेबांचाच. गाडीत बाहेरच्या जगाशी बोलायला एकच फोन होता, तारेचा, लाल रंगाचा.

"कानातलं यंत्रही पेटीत टाकू का?" कर्जदाराने विचारले.

"राहू द्या, आजोबा."

"नाही, लागलं तर काढता येतं, एवढंच सांगून ठेवतो."

सामना असा रंगला की मी खुर्चीच्या कडेला आले. आमच्या क्लबची कर्णधार डावखुरी. उडी मारली की क्षणभर वरच विसावायची. दोन सेट त्यांचे, दोन आमचे. लेकीने पाचव्या सेटसाठी शिट्टी वाजवली तेव्हा घड्याळाचा काटा सातला टेकत होता. आणि फोन वाजला.

भिंगरीचा हात पुढे झाला. पण कर्जदाराचा हात आधीच तिथे होता.

"हॅलो! कोण? अहो, साहेब! नमस्कार, नमस्कार! मी कोण? सांगतो ना."

पलीकडून खेकसणे ऐकू आले. कर्जदाराने शांतपणे कानातले यंत्र काढून खिशात टाकले.

"जरा मोठ्याने, साहेब, कमी ऐकू येतं. तर आमच्या वेळी कॅमेरा उचलायला चार माणसं लागायची. त्यातला एक डावरा. आता डावरा माणूस कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूला आला तर काय होतं? फार चांगला प्रश्न विचारलात..."

भिंगरीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "तुझे काम पडद्यावर आहे. तिकडे पाहा."

ती वळली आणि कॅमेरेवाल्यांना सूचना देताना तिच्या आवाजात धार आली. "दोन नंबर, डावखुरीवर राहा. चार, जाळी सोडू नकोस." माझ्या आईचा हात सुतावर असाच चालायचा. वर न पाहता, एकही गाठ न चुकता.

मग दारावर थाप पडली. बाहेर सभागृहाचा व्यवस्थापक घामाघूम होऊन उभा. साहेबांनी मोबाइलवरून त्याला पिटाळले होते. मी दारात उभी राहिले. देवाने मला उंची दिली आहे आणि वयाने ती फारशी परत घेतलेली नाही.

"बाई, मला आत जायचंय. तातडीचा निरोप आहे."

"पास?"

"कसला पास? हे सभागृह माझं आहे!"

"सभागृह तुमचे, गाडी कंपनीची. दारावर काय लिहिले आहे, वाचा. मोठ्याने."

त्याने खरोखरच मोठ्याने वाचले. मग रखवालदाराकडे पाहिले. रखवालदाराने आकाशाकडे पाहिले.

"आता आलाच आहात तर तोंड बंद ठेवून इथूनच पाहा," मी म्हणाले आणि थोडी बाजूला सरले. "चौदा-चौदा झाले आहेत." पाचवा सेट पंधराचा असला, तरी दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत तो संपत नाही. काही मिनिटांनी व्यवस्थापक माझ्या खांद्यावरून मान लांब करत "अगं, मागे! मागे!" असे ओरडत होता.

कडेला पुरुष खेळाडू आपल्या सामन्याची वाट पाहत होते. तेही उभे राहिले होते. पुरुषांची जाळी उंच; त्यांचा सामना सुरू करायचा तर ती वर चढवावी लागणार होती, आणि जाळी अजून मुलींची होती.

शेवटचा चेंडू सांगते. समोरच्या संघाला जिंकायला एक गुण हवा होता. डावखुरी उडाली, हवेत विसावली आणि असा फटका मारला की चेंडू रेषेच्या आत आदळून थेट प्रेक्षकांत गेला. सगळे सभागृह उठले. मी उठले. व्यवस्थापकाने माझा दंड धरला. तेवढ्यात शिट्टी वाजली. माझ्या लेकीने हात दाखवला: गुण समोरच्यांचा. डावखुरीचे कोपर जाळीला लागले होते.

एकच गलका झाला. "बघा, आईच्या क्लबला पाडते आणि वर निःपक्षपातीपणा मिरवते!" असे कुणीतरी ओरडले, आमच्या क्लबला जिंकवले असते तरी तेच तोंड ओरडले असते. भिंगरीचा चेहरा उतरला. पण ती थांबली नाही. "चार नंबरचं दाखवा. सावकाश."

पडद्यावर, आणि सगळ्यांच्या हातातल्या खिडक्यांत, फटका पुन्हा आला, संथपणे. चेंडू सुटला, हात खाली आला, आणि कोपराच्या स्पर्शाने जाळी थरथरली. पाण्यात खडा पडावा तशी लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. गलका शांत झाला. डावखुरीने आपले कोपर पाहिले, खुर्चीकडे मान वर केली आणि हात उंचावून चूक मान्य केली. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या कुणासाठी होत्या ते सांगता येणार नाही, सगळ्याच मुली मधोमध जाळीखालून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. आई म्हणायची, जाळी खोटे बोलत नाही. त्या दिवशी ते अख्ख्या जगाने पाहिले.

कर्जदार अजून बोलतच होता. "...तर अशी ती चौथ्या माणसाची गोष्ट. आता तिच्याशी बोला." त्याने फोन भिंगरीच्या हातात दिला.

तिने डोळे मिटून तो कानाला लावला. "सर... हो, सर. नाही, मला फोन आत्ता मिळाला... काय म्हणालात?" तिने डोळे उघडले. "तिचं नाव? सगळे डावखुरीच म्हणतात, सर."

फोन ठेवून ती खाली बसली आणि हसत सुटली. "सर विचारत होते, पुढच्या वर्षी ही मुलगी खेळणार ना? पुरुषांच्या सामन्यासाठी आलेले सगळे लोक आपल्याकडेच पाहत होते. जाहिरातदार खूश आहेत. सरांचं म्हणणं, ही कल्पना त्यांचीच होती!"

"असू दे त्यांची," मी म्हणाले. "लिहून काय घ्यायचे ते तू घे. शेवटच्या गुणापर्यंत चित्र हलणार नाही, घड्याळ काहीही म्हणो."

"तेच सांगितलं, आजी. ते 'बरं' म्हणाले."

"पण आजोबा," ती कर्जदाराकडे वळली, "ते एवढा वेळ तुमचं ऐकत राहिले?"

"छे," तो कानातले यंत्र परत बसवत म्हणाला. "यंत्र काढलं तरी ओरडणं कळतं मला. सेटच्या मध्यावर ते बंद झालं. साहेब सामना पाहत होता. फोन ठेवला असता, तर त्याला हुकूम द्यायचं आठवलं असतं. म्हणून मी आपला बोलत राहिलो."

बाहेर दोन कामगार जाळी वर चढवत होते, जेमतेम वीतभर. एवढ्याशा वितीसाठी जगाने केवढा उंचसखलपणा मानला! माझी लेक खुर्चीवरून उतरून गाडीशी आली आणि दुरूनच म्हणाली, "आई, बोलू नकोस. लागलं होतं."

"मी कुठे काय म्हणाले? लागलेच होते. मी तुला तसेच वाढवले आहे."

कर्जदार माझ्यापुढे उभा राहिला. पूर्वीसारखीच मान खाली, फक्त केस पांढरे. "कॅप्टन, सेट परत दिला. पण हरलेला दिला."

"मी सेट मागितला होता," मी म्हणाले. "विजय मागितला नव्हता. विजय माझ्या कपाटात आहे. आज समोरची बाजूही दिसली."

"मग... फिटलं?"

मी हात पुढे केला. सामना संपल्यावर जाळीखालून आम्ही करत असू तसा, ताठ.

"पूर्ण फिटले. रविवारी चहाला या. कॅमेऱ्याची ती चार माणसांची गोष्ट मी कधी शेवटपर्यंत ऐकलेली नाही."