लंगोटांची बादली

वैदेहीला घाणीची भारी किळस. स्वतःच्या चार महिन्यांच्या लेकीची शी धुतानाही ती श्वास रोखून धरायची.

पडेगावात त्यांच्या खालच्या मजल्यावर गंगापूरची संस्कृती राहायची. तिचं बाळ दोन महिन्यांचं, नवरा बाहेरगावी, आणि ती तापानं फणफणलेली. लेकीला सासूकडे देऊन वैदेही पेज घेऊन गेली, तर दारातच घाण वास नाकात शिरला. चार दिवस नळाला पाणी नव्हतं. मोरीतल्या बादलीत लंगोट कुजत होते आणि त्यांत अळ्या वळवळत होत्या.

"ताई, हात नका लावू. लई घाण झालीय. मला लाज वाटती," संस्कृती रडत म्हणाली.

वैदेही मोरीतच ओकली. तोंड पुसून म्हणाली, "लाज कसली? किळस मला येते, ती माझी मी बघेन. तू पेज पी."

तिनं आपल्या पिंपातलं पाणी आणून एकेक लंगोट घासला. तीनदा साबण लावूनही हातांचा वास जाईना. दुपारी तिला घास गिळवला नाही.

दुसऱ्या दिवशी ती नाकाला ओढणी बांधून आली. संस्कृतीच्या बाळानं तिच्या खांद्यावर आंबूस दूध ओकलं. वैदेहीनं तोंड वाकडं केलं, पण बाळाला खाली ठेवलं नाही.