ताऱ्यांवरची खोळ

मी एक जुनी खोळ आहे. हिरव्या कॅनव्हासची, चार नाड्यांची, एका कोपऱ्यात ठिगळ असलेली. उशीची खोळ नव्हे मित्रांनो, तिच्या नशिबी निदान डोकं तरी असतं. मी जनरलसाहेबांच्या गाडीच्या पाटीवरची खोळ.

फौजेतल्या मोठ्या साहेबांच्या गाडीला पुढे लाल पाटी असते आणि तिच्यावर पितळी तारे असतात. साहेब गाडीत बसले की तारे उघडे. साहेब उतरले की तारे झाकायचे. ते झाकण म्हणजे मी. म्हणजे साहेब जिथे जिथे मिरवले, तिथे मी ड्रायव्हरच्या सीटखाली घडी होऊन पडले होते. साहेबांचं कर्तृत्व मी पाहिलं ते असं, अंधारातून आणि पाना-पक्कडीच्या शेजारून.

फौजेच्या शिंप्याने मला तंबूच्या उरलेल्या कापडातून शिवलं. तेव्हा साहेबांना एकच तारा होता. दुसरा आला तेव्हा शिंप्याने मला उसवून रुंद केलं. तिसरा आला तेव्हा ठिगळ लावलं आणि म्हणाला, "साहेबांना सांगा, आता पुरे. कापड संपलं." साहेबांची बढती म्हणजे थट्टा नव्हती. बर्फात पाय गमावता गमावता राहिले, दोन लढायांत पुढे होते, असं ड्रायव्हर सांगायचा. तो पाटी पुसता पुसता बोलायचा. ऐकायला मी आणि पाटी. पाटी तशी गर्विष्ठच, त्यामुळे खरं तर मीच.

एकदा साहेबांचा कुत्रा इंजेक्शन घ्यायला गाडीतून गेला. घाईत मला बांधायचं राहिलं. छावणीच्या फाटकावर अख्ख्या पहाऱ्याने त्या कुत्र्याला सलामी दिली. कुत्र्याने ती शांतपणे स्वीकारली. साहेबांना मात्र ते झेपलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हुकूम काढला. तारे झाकलेले असतील तर गाडी रिकामी समजावी, तिला सलाम नाही आणि वाटही नाही. माझ्या आयुष्यात मला मिळालेला हा एकमेव मान.

मग बाईसाहेब आजारी पडल्या. साहेब रोज इस्पितळात जात आणि रोज तेच होई. तारे दिसले की दार उघडायला दोघे धावत, मोठे डॉक्टर टाचा जुळवून उभे राहत, शेजारच्या खाटेवरचा निवृत्त सुभेदार सलाइनसकट उठायला बघे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, तुम्ही आलात की डॉक्टर माझा हात सोडून तुम्हाला सलाम ठोकतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवरा असा भेटलाच नाही. उद्या मला आत न्यायच्या आधी नुसते या." फळांची पिशवी घेऊन ड्रायव्हर दारात उभा होता, म्हणून मला हे कळलं.

सकाळी साहेब साधा बुशशर्ट घालून गाडीत बसले आणि म्हणाले, "खोळ राहू दे." साहेब आत आणि मी पाटीवर, असं कधी घडलंच नव्हतं. मला उगीचच घरच्यासारखं वाटलं.

फाटकावर सरावाला निघालेल्या ट्रकांची रांग होती. पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"मागे घ्या. रिकामी गाडी थांबेल."

"रिकामी?" ड्रायव्हर म्हणाला. "अरे, मागे बघ की!"

पहारेकऱ्याने वाकून बघितलं. "कोणीतरी काका आहेत. पण खोळ आहे ना? मग रिकामी. हुकूम आहे."

"कुणाचा?"

"जनरलसाहेबांचा."

ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. पहारेकऱ्याचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या शिपायाला रागावायची त्यांना सवय नव्हती. ट्रक संपेनात. शेवटी साहेब स्वतः उतरले. ड्रायव्हरची गाठ त्यांना सुटेना, तेव्हा नाडी तोडून त्यांनी मला खिशात कोंबलं.

आता झटकन जाता येईल असं त्यांना वाटलं असावं. पण तारे दिसले मित्रांनो! ट्रक जागच्या जागी थांबले आणि वाट अडली. पहारा धावत बाहेर आला, बिगूल वाजला, एक अधिकारी धापा टाकत आला आणि सगळं ठीक असल्याचं अगदी सविस्तर सांगू लागला. सलामी अर्धी टाकून निघणं म्हणजे पहाऱ्याचा अपमान. साहेबांनी जन्मात कुणाचा असा अपमान केला नव्हता. बुशशर्टात ताठ उभं राहून त्यांनी सलामी घेतली, अगदी पुरी. दुसऱ्या हाताने मात्र ते मला खिशावरून घट्ट आवळत होते. ते फक्त मला कळलं.

इस्पितळात खाट रिकामी होती. चादर बदलणाऱ्या आयाबाईंनी विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

"नवरा."

"मग आत्ता येता होय? नेलं त्यांना आत. दारापर्यंत मान वळवून बघत होत्या."

"काही म्हणाली?"

"म्हणाल्या, ते येतील, त्यांना चहा द्या. न पिताच निघाले असतील. बसा त्या बाकावर."

साहेब बसले. त्या बाईंनी आणलेला चहा त्यांनी प्यायला. बाईसाहेब परत आल्या नाहीत.

पुढे साहेब निवृत्त झाले. पाटी फौजेच्या दिवाणखान्यात काचेमागे गेली, तिला रोज पॉलिश होतं. मी खिशातच राहिले, मला कुणी मागितलं नाही. आता घरात साहेब आणि मी. सकाळी ते दूध आणायला जातात, तिथला दूधवाला "आजोबा, जरा सरका" म्हणतो आणि साहेब सरकतात. घरी आले की मला टेबलावर पसरून ब्रशने झटकतात, नवी नाडी ओवतात, उन्हात घालतात. एवढी निगा माझी पूर्वी कुणी राखली नव्हती.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायची रीत आहे. पण साहेबांच्या त्या ब्रशकडे बघून मला ते सांगवत नाही. आम्ही फाटलो तर फाटू द्या, मळलो तर मळू द्या. आम्हाला घाई नसते. कुणी दाराकडे बघत असेल, तर आधी तिकडे जा.